पुलावरची पावलं

ता. ९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं वाटलं असेल. फोन बाबांच्या उशाशी आहे, आणि बाबांना डोळे नसले तरी कान सगळ्या इमारतीचे आहेत. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी त्यांना ऐकू जातं. जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर पडायला नको, म्हणून हा कागद.

आपली टेप गेली. पुलाच्या सिनेमाची. मंगळवारी दुपारी नेहमीसारखी लावून दिली आणि मी दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर कामाला गेले. परत येते तर यंत्राने टेप गिळलेली आणि बाबा ती तपकिरी फीत लोकरीसारखी बोटांना गुंडाळून बसलेले. मी ती दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला की बाकी सिनेमा ठीक आहे, एक तुकडा मात्र मागेपुढे करून इतका झिजलाय की त्यावर आता काहीच उरलेलं नाही.

तुझी बायको हे पत्र तुझ्याआधी फोडणार हे मला ठाऊक आहे, म्हणून तिच्यासाठी सांगते. सूनबाई, त्या सिनेमाच्या शेवटी नायिका पहाटे एका पुलावरून चालत येते. पलीकडच्या टोकाला तिचा प्रियकर, एक हेर, पाठमोरा उभा असतो. वळून पाहिलं तर दोघांचाही जीव जाणार, म्हणून तो नुसता ऐकतो. पावलं मध्यापर्यंत येतात, थांबतात आणि परत फिरतात. आपल्या मागावर कोणीतरी आहे हे तिने ओळखलेलं असतं, त्याला वाचवायचं तर उलटं जायला हवं. पडद्यावरचे पाय नटीचे, पण पावलांचा आवाज तुझ्या सासूचा. दगडी लादीवर चिमूटभर वाळू टाकून ती समोरच्या मुक्या चित्राबरोबर चालायची आणि बाबा शेजारी बसून आवाज टिपायचे. कामावरची माणसं नटीला बाई म्हणायची आणि आईला बाईंचे पाय. बाकीच्या सिनेमांत तिची पावलं गर्दीत आणि गाण्यांखाली बुडून गेली. नुसती तिची, दुसरा कुठलाही आवाज नसलेली, अशी एवढीच.

जिचा जन्म ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेला तिच्या आवाजातलं एक वाक्य आपल्याकडे नाही, धाकट्या. आहेत ती ही पावलं, आणि आई गेल्यापासूनची पाच वर्षं बाबा त्यांच्यावर जगत होते. टेप गेली तेव्हापासून त्यांची अन्नावरची वासनाच उडाली. दूध समोर ठेवलं की होय म्हणतात आणि साय धरेपर्यंत तसंच ठेवतात. डॉक्टर म्हणतात, शरीराला काही झालेलं नाही. मग माणूस असा सुकतो कशाने, हे मात्र त्यांना सांगता येत नाही.

तुमच्या शहरात मोठी दुकानं आहेत. तो सिनेमा डिस्कवर आला असेलच. कुठूनही पैदा कर. माझा जीव टांगणीला लागला आहे.

लोभ आहेच, तो टपालातून लवकर पोचव.
तुझी ताई


ता. १४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं खरं निघालं, पत्र आधी हिनेच वाचलं. वाचून मला कामावर फोन केला आणि तिकडे नुसतीच गप्प राहिली. मी त्या वेळी एका लिफ्टच्या खड्ड्यात उभा होतो. वाटलं, घरात कोणीतरी गेलं.

संध्याकाळी तसाच तेलकट हातांनी दुकानात गेलो. तिथल्या मुलीने डिस्क लगेच काढून दिली. अगदी नवी आवृत्ती आहे, गेल्याच वर्षी निघालेली. वेष्टनावर लिहिलंय की चित्राचा कण न् कण धुऊन काढलाय आणि आवाज सहा बाजूंनी येतो. आमच्याकडे लावून पाहिली. आपल्या टेपवर पूल म्हणजे करडा धूर दिसायचा, इथे दगड न् दगड मोजून घ्यावा. नायिकेच्या कोटाला एक बटण कमी आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. टेप गेली ते बरंच झालं असं बाबा म्हणतील, बघ.

मी स्वतः आलो असतो, पण एका नव्या इमारतीच्या चारही लिफ्ट सुरू करून द्यायच्या आहेत आणि साहेब रजेचं नाव काढलं की भिंतीकडे बघतो. त्या झाल्या की येतोच. तोवर ही डिस्क माझ्या वतीने आली असं समज. बाबांना म्हणावं, खाऊन घ्या, नाहीतर मी येऊन भरवीन.

ती. बाबांस सा. न. लोभ आहे तसाच राहू दे, फार रागावलीस तरी.
तुझा धाकटा


ता. १९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

डिस्क पोचली. बाबांना न्हाऊ घातलं, स्वच्छ सदरा घातला, खुर्चीत बसवलं. कित्येक दिवसांनी त्यांनी केस विंचरून मागितले. सिनेमाची सुरुवात त्यांनी नीट ऐकली, मान डोलावली, आवाज स्वच्छ केलाय म्हणाले. मी मनात तुला दुवा देत होते.

पूल आला. पावलं सुरू झाली आणि बाबांनी विचारलं, ही बाई कोण.

मला वाटलं नायिकेबद्दल विचारताहेत, म्हणून मी तिचं नाव सांगितलं. ते म्हणाले की ते नव्हे, ही चालते आहे ती कोण. मग मीही कान देऊन ऐकलं. मला काही त्यांच्यासारखे कान नाहीत, पण घरात आईच्या मागे मागे फिरण्यात माझं लहानपण गेलंय. ती आई नव्हती. कुणी तरुण मुलगी असावी, टाच आपटत चालणारी. धाकट्या, त्यांनी आवाज सहा बाजूंनी आणायचा म्हणून पावलं नव्याने घालून घेतली आहेत. वर वाद्यंही वाजवली आहेत. आईला त्यांनी सिनेमातून काढून टाकलं आणि वेष्टनावर लिहिलं की आवाज सुधारला.

बाबा आधार घेत उठले, पलंगावर गेले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. दुपारी सूप केलं होतं, ते भांड्यातच राहिलं. मी त्यांना उचलून बसवते ना, तर आता मला कमरेत जोर लावावा लागत नाही. याचा अर्थ तुला कळत असेल.

तू बटणं मोजलीस आणि पावलं ऐकली नाहीस, हे मी तुझ्यावर रागावून लिहीत नाही. पण लिहिते आहे. जुनी आवृत्ती शोध.

लोभाची काळजी करू नकोस, तो कुठे जात नाही.
ताई


ता. २४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी खरंच ऐकलं नव्हतं. चित्र इतकं सुंदर होतं की कान मिटून घेतले.

शोधायला निघालो आणि एक माणूस भेटला. भेटला म्हणजे अडकला होता. जुन्या इमारतीतली लिफ्ट सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये थांबलेली, आत एक म्हातारे गृहस्थ हातात पुठ्ठ्याचा डबा घेऊन जमिनीवर बसलेले. मी वरून दार उघडलं तर आधी डबा वर दिला, म्हणाले की यात डिस्क आहेत, मला नंतर काढा. नवव्या मजल्यावर राहतात. घरात माणूस एक आणि डिस्क भिंतभर. सिनेमे फार नाहीत, पण एकेका सिनेमाच्या जेवढ्या आवृत्त्या निघाल्या तेवढ्या सगळ्या. या आवृत्तीत रात्र निळी आहे, त्या आवृत्तीत काळी, इथे कडेचा माणूस कापलाय, तिथे दिसतोय, असं दिवसभर ताडून बघतात. बायको कंटाळून बहिणीकडे राहायला गेली ती तिकडेच रमली, असं हसत सांगितलं. मी यांना नववे काका म्हणतो.

आपला पुलाचा सिनेमा म्हटल्यावर त्यांचे डोळे लकाकले. आईबद्दल सांगितलं तेव्हा मात्र ते उठून खिडकीपाशी गेले. इतकी वर्षं ते या सिनेमाची चित्रं ताडून बघत होते, ती पावलं कुणाची हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. स्वतःजवळच्या दोन आवृत्त्या त्यांनी मला काढून दिल्या. पातळ निळ्या वेष्टनातली पहिलीवहिली डिस्क आहे, परदेशात निघालेली, नव्या पावलांच्या कितीतरी आधीची. दुसरा मोठा संच आहे, त्याच्यावर मूळ आवाज असं ठळक छापलंय. दोन्ही पाठवतो आहे. या वेळी मी निळी कान देऊन ऐकली, ताई. वाद्यं नाहीत, टाच आपटत नाही. मला ती आईच वाटली. मला रडू आलं, हिलाही.

लिफ्ट अजून दोन राहिल्या आहेत. बाबांना दोन घास तरी घ्यायला लाव. लोभ असू दे, या खेपेला मी तो कमावला आहे असं वाटतं.
धाकटा


ता. ३० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

संच आधी लावला. वर छापलेला मूळ आवाज म्हणजे तीच टाचा आपटणारी मुलगी, सहा बाजूंऐवजी एका बाजूने. वेष्टनं खोटं बोलतात हे मी औषधांच्या खिडकीवर रोज बघते, तरी फसले.

मग निळी लावली. पहिल्या पावलालाच बाबा ताठ झाले. आईच होती. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो घट्ट झाला. मी म्हटलं, सुटलो. आणि मग त्यांचा चेहरा पालटला. ते म्हणाले की ही धावते आहे. मी म्हटलं नाही बाबा, चालते आहे. ते ऐकेनात. ती घाबरली आहे, तिला कोणीतरी हाकलतंय, ती अशी कधी चालत नव्हती, तिला हळू चालायला सांग, असं पुन्हा पुन्हा म्हणू लागले. घामाने सदरा भिजला. मी यंत्र बंद केलं तरी ते दाराकडे तोंड करून तिला सावकाश म्हणत होते. दुसऱ्या दिवशीही मध्येच विचारलं की ती का घाबरली आहे. 

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. पहिल्या डिस्कमध्ये आई नव्हती तर ते नुसते रुसले होते. आता आई आहे आणि तिच्या जिवाला धोका आहे असं त्यांना वाटतंय.

आता मला काय वाटतं ते लिहिते, राग आला तर येऊ दे. उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं. तू तिथून डिस्कमागून डिस्क पाठवतोस आणि मी इथे त्यांच्या हाडांवर मलम लावते. पलंगाला टेकून टेकून पाठ सोलली आहे. तुझ्या चार लिफ्ट वर गेल्या काय आणि खाली आल्या काय, माणसं जिन्याने जातील. बाप पुन्हा मिळणार नाही. तू येत का नाहीस, हे एकदा खरं खरं लिही.

हे पत्र तुझ्या बायकोने आधी वाचलं तर बरंच. सूनबाई, त्याला कान धरून पाठव.

लोभ आहे म्हणूनच एवढं बोलले.
ताई


ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खरं लिहितो. रजा मिळेल. मागितलीच नाही. मला भीती वाटते. आईच्या वेळी मी पोचलो तेव्हा सगळं आवरून झालं होतं, आणि या वेळी सगळं डोळ्यांदेखत होईल असं वाटतं. डिस्क शोधत असलो की काहीतरी करतोय असं वाटतं, बाबा अजून खूप दिवस असणार असं वाटतं. हिने पत्र वाचून माझी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. मी रोज तिला वळसा घालून कामावर जातो. हे लिहिताना लाज वाटते आहे.

नवव्या काकांना विचारलं. बाबा बरोबर आहेत. निळी डिस्क ज्या देशात निघाली तिथे टीव्हीची चाल वेगळी, तिथे सिनेमा शंभराला चार इतका जलद पळतो. डोळ्यांना कळत नाही. काकांनाही कळलं नव्हतं, तीस वेळा पाहून. त्यांना इतकं वाईट वाटलं की दोन दिवस खपून त्यांनी संगणकावर तो सगळा आवाज पुन्हा धिमा केला आणि एका कोऱ्या डिस्कवर उतरवून दिला. आता आई तिच्या चालीने चालते. मी घड्याळ लावून पाहिलं.

ही शेवटची, ताई. यापुढे शोधायला काही उरलेलं नाही. ही चालली नाही तर पुढे काय करायचं ते मला सुचत नाही. एवढी एकदा लावून बघ. तुझ्या पाया पडतो.

लोभ ठेव म्हणायचीही लाज वाटते, तरी ठेव.
धाकटा


ता. १० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कोरी डिस्क लावली. बाबा आता बसू शकत नाहीत, म्हणून कानाला हेडफोन लावून निजल्या निजल्या ऐकवली. चाल बरोबर आहे, असं ते आपणहून म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मान हलवली आणि विचारलं की खोली कुठे गेली.

मला कळेना. त्यांनी दम खात खात सांगितलं. पावलांच्या मागे त्या खोलीची बारीक खरखर होती. पंखा बंद केला तरी भिंती जरा घुमायच्या. ते स्वतः श्वास रोखून बसायचे, तरी एखादा निसटायचाच. डिस्क काढणाऱ्यांनी खरखर म्हणजे घाण समजून ती पुसली, आणि तिच्याबरोबर खोली पुसली, श्वास पुसला. बाबा म्हणाले की ती चालते आहे पण मी तिथे नाही. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, आता लावू नकोस.

डॉक्टर त्याच दिवशी येऊन गेले. सोमवारी, सोळा तारखेला, दवाखान्यात हलवू, नाकातून नळी घालू म्हणाले. बाबांनी ते ऐकलं. मी हात टेकले, धाकट्या. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला डोकं लावून उभी राहिले. आईला हाक मारली, या वयात.

त्यानंतर जे केलं ते शहाण्या माणसाने करावं असं नव्हे. मी कामाचे बूट चढवले. वाळू कुठून आणू, म्हणून डब्यातली साखर घेऊन बाहेरच्या दारापासून बाबांच्या खोलीपर्यंत लादीवर पसरली आणि चालायला लागले. चरचर, चरचर. ऐकायला इतकं भिकार की मलाच हसू आलं आणि रडूही.

खोलीतून बाबांनी विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, मी. ते म्हणाले की सगळा भार टाचेवर पडतोय. मी पुन्हा दारापासून सुरुवात केली. ते म्हणाले, पायांकडे बघून चालतेस, बघू नकोस. आई नटीच्या पायांकडे कधी बघत नसे, खांद्याकडे बघायची. खांदा आधी खाली येतो, पाऊल मागून. मी विचारलं, इथे कुणाचा खांदा बघू. तर म्हणाले, तिचाच बघ, तुझ्यापुढे चालते आहे असं समज. मी समजले. खरं सांगते, पांढऱ्या रुमालाची गाठ मारलेली तिची मान मला दिसली. किती फेऱ्या मारल्या माहीत नाही. दर खेपेला त्यांचा आवाज थोडा मोठा होत होता. एकदा तर खेकसले, पूर्वी माझ्या गणितावर खेकसायचे तसे.

मग एक फेरी अशी झाली की ते काही बोलले नाहीत. मी मध्यापर्यंत आले, सिनेमात थांबतात तशी थांबले आणि सवयीने उलटी फिरले. दोन पावलं गेले असेन. बाबा म्हणाले, परत जाऊ नकोस. ती रोज जाते. तू इकडे ये.

मी गेले. ते कोपरावर उठून बसले होते, कोणी न उठवता. त्यांनी चाचपडत माझा बूट धरला, त्याच्या तळावरून बोट फिरवलं, ते जिभेला लावलं आणि विचारलं, साखर टाकलीस का. हो म्हटलं. ते म्हणाले की तुझी आई असती तर तुला बदडलं असतं. मग म्हणाले, आता एवढी सांडलीच आहे तर थोडी दुधात घाल. अर्धा कप प्यायले. मी तो कप अजून विसळला नाही. घरात मुंग्यांची रांग लागली आहे, लागू दे.

खोटी आशा दाखवत नाही. सोमवारची खाट डॉक्टरांनी सोडलेली नाही आणि मीही सोडायला सांगितलेलं नाही. अर्ध्या कपावर माणूस जगत नाही, हे मला कळतं. पण काल सकाळी त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. म्हणाले की धाकट्याची पावलं कशी पडतात ते मला आठवत नाही, तो आला की नेहमी लिफ्टने यायचा, एकदम दारातच उगवायचा.

भीती मलाही वाटते. रोज सकाळी त्यांच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी मी दाराबाहेर थांबते आणि श्वास ऐकू येतो का ते बघते, मग आत जाते. तू आलास तर दोघं थांबू. सूनबाईने भरलेली पिशवी उचल. नवव्या काकांना माझा नमस्कार सांग, त्यांनी आपल्यासाठी खूप केलं. आता कुठलीही आवृत्ती पाठवू नकोस.

सोमवारच्या आत ये. आणि लिफ्टने वर येऊ नकोस. जिन्याने ये, सगळे मजले, पाय वाजवत. दार उघडं ठेवते. ते पहिल्या पायरीपासून ऐकतील.

लोभ आता पत्रातून पुरे, वाट बघते.
ताई